फाटकापर्यंतची रेंज

संध्याकाळी एसटीतून उतरून मी फाटक ढकललं की ओट्यावरून पहिला प्रश्न यायचा, "कुठे पकडलं?"

दिवसभर तलासरीच्या ऑफिसात डोकं पिकलेलं, बोर्डीला बस बदलून चिखल्यापर्यंत उभ्याने आलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात भाजी. आणि हा माणूस 'आलात का', 'दमलात का' काही नाही, माझ्या फोनने घरचं वायफाय नेमकं कुठे पकडलं ते विचारणार. मी पिशवी खाली ठेवायची, फोन बघायची आणि सांगायची, "फाटकाच्या आत."

"फाटकाच्या आत. बरोबर?"

"बरोबर."

मग ते जरा हिरमुसायचे आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायचे. सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याला नवं खेळणं मिळालंय. पुढे कळलं तेव्हा त्या प्रश्नाचा राग येईनासा झाला. त्यांचा मात्र यायचा, आणि खरं सांगायचं तर आजही येतो.

ते आमचे घरमालक. चिखल्याला बसस्टॉपच्या समोर त्यांचं घर, पुढे चार चिकूची झाडं, मागे आमच्या दोन भाड्याच्या खोल्या. माझ्या नवऱ्याची नोकरी उंबरगावच्या कारखान्यात, माझी तलासरीला आणि मुलगी बोर्डीच्या शाळेत, म्हणून तिघांना जमेल असं हे गाव आम्ही शोधलं होतं. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. नवीन माणसाला वाटायचं शाळामास्तर, आणि कुणीतरी पोराच्या शिकवणीचं विचारायला यायचं. त्याला ते ओट्यावर बसवून अर्धा तास समजावून सांगायचे की शाळेचा मास्तर वेगळा आणि स्टेशनचा वेगळा. शाळेच्या मास्तराची चूक झाली तर पोरगं नापास होतं, स्टेशन मास्तराची झाली तर गाडीवर गाडी जाते. तो माणूस पुन्हा येत नसे.

सगळी नोकरी त्यांनी याच लाईनीवरच्या लहान लहान स्टेशनांत काढली होती. ती संपली, पण ड्यूटी काही संपली नव्हती. दुपारी झोपायच्या आधीसुद्धा शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं. आपल्याच आवारातून रस्त्यावर जाताना आधी डावीकडे, मग उजवीकडे बघणार, आणि मागे फाटक लावून कडी बसली का ते हलवून पाहणार. फाटक पत्र्याचं, पुरुषभर उंच. ते उघडं दिसलं की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. "फाटकाचा धर्म बंद राहण्याचा," असं आमच्या मुलीला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ती शाळेतून आली की आधी कडी लावायची आणि मग चपला काढायची.

दुसरी खोड म्हणजे ऐकलेलं सगळं परत म्हणायची. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं, दूधवाला आला नाही, की मास्तर म्हणणार, "दूधवाला आला नाही. बरोबर?" आणि काकू 'बरोबर' म्हणेपर्यंत तिथेच उभे. स्टेशनातल्या फोनवर निरोप असाच पक्का करत म्हणे. काकूंचा सगळा संसार 'बरोबर' म्हणण्यात गेला होता. तोंडात घास असला तर त्या नुसती मान हलवायच्या, पण ती मास्तरांना चालत नसे.

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "न मागता लाईन क्लिअर देता येत नाही." याचा अर्थ त्यांनी मला भाड्याच्या करारापेक्षा जास्त वेळा समजावला असेल. मागच्या स्टेशनाने गाडी पाठवायची परवानगी मागायची, पुढच्याने लाईन मोकळी आहे हे बघून ती द्यायची, मग गाडी सुटते. पुढच्या स्टेशनाने कितीही मनात आणलं तरी मागितल्याशिवाय देता येत नाही. रेल्वेचा हा नियम त्यांनी घरात, शेजारात, जेवणाच्या पाटावर सगळीकडे लावला होता. पाहुणा जेवायला बसला तर त्याने स्वतःहून पोळी मागेपर्यंत मास्तर कुणाला वाढू देत नसत. भिडस्त पाहुणे त्या घरातून अर्धपोटी उठून जायचे, आणि काकू त्यांना मागच्या दाराने लाडू द्यायच्या.

याच वाक्यापायी त्यांचा मुलगा घराबाहेर होता.

हे मला काकूंनी सांगितलं, मागच्या अंगणात चिकू निवडता निवडता. एकुलता एक मुलगा. त्याला रेल्वेत घालायचं मास्तरांनी तो रांगत होता तेव्हाच ठरवलेलं. त्याला त्यात काडीचा रस नव्हता, पण बापापुढे बोलायची छाती नव्हती. परीक्षेच्या दिवशी तो मुंबईला गेला, केंद्राच्या बाहेर उभा राहिला आणि आत न जाताच परत आला. घरी सांगितलं, पेपर सोपा गेला. मास्तर पुढचे कित्येक महिने गावभर सांगत फिरले. मग एका सत्यनारायणाच्या पूजेला, भरल्या घरात, कुणीतरी सहज निकालाचं विचारलं आणि पोराच्या तोंडून खरं ते निघालं. मास्तर ओरडले नाहीत. तीर्थ घेतलं, हात पुसला आणि म्हणाले, "मी बोलावल्याशिवाय या फाटकातून आत यायचं नाही."

तो त्याच संध्याकाळी गेला. बडोद्याला एका कंपनीत लागला, तिथेच राहिला. काकूंना अधूनमधून त्याचा फोन यायचा. फोन वाजला की मास्तर उठून ओट्यावर जायचे आणि रेडिओचा आवाज वाढवायचे, म्हणजे काकूंना मोकळेपणी बोलता यावं, आणि आपण ऐकत नाही हेही सगळ्यांना कळावं. काकू त्याला म्हणायच्या, ये रे एकदा. तो म्हणायचा, बाबा बोलावतील तेव्हा येईन. काकू मास्तरांना म्हणायच्या, अहो, बोलवा की. मास्तर म्हणायचे, त्याने 'येऊ का' एवढं विचारू दे, मी नाही म्हणणार नाही, पण न मागता लाईन क्लिअर देता येत नाही. म्हणजे बाप मागण्याची वाट बघतोय आणि मुलगा बोलावण्याची. मधे काकू चिकू निवडत बसलेल्या.

त्या घरात इंटरनेट त्या मुलानेच कॉलेजात असताना आणलेलं. आमच्या भागात मोबाईलची रेंज म्हणजे लॉटरी. फोन कधी पलीकडच्या गुजरातचा टॉवर धरतो, कधी कुठलाच नाही, आणि मास्तरांचं आवार तर इतकं सखल की तिथे हातातला फोन निव्वळ घड्याळ. वायफाय असेल तरच तो बोलणार. मुलाचे मित्र कुंपणापाशी उभे राहून ते फुकट वापरायचे. त्यांना वेळीच सावध करायला त्याने वायफायला नाव दिलं होतं, 'मास्तर घरी आहेत'. मास्तरांना हे पुष्कळ उशिरा कळलं. चिडायच्या ऐवजी, काकू म्हणतात, ते गालातल्या गालात हसले होते.

आम्ही राहायला गेलो त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी वीज कडाडली आणि कंपनीचा मोडेम जळाला. कंपनीचा माणूस आला, नवीन डबा भिंतीवर ठोकला, म्हणाला, झालं. आम्ही फोन बघितले तर जुनं नाव गायब. त्याच्या जागी कंपनीचं नाव आणि पुढे आकड्यांची रांग. मास्तरांचा चेहरा उतरला.

"जुनं नाव लावा," ते म्हणाले.

तो माणूस म्हणाला, नाव आम्हाला बदलता येत नाही, ते वरून येतं. पासवर्ड पण आता हाच. तुम्ही फक्त नवीन टाका, नेट तेच आहे. मास्तरांनी त्याचं वाक्य परत म्हटलं, "नाव वरून येतं. बरोबर?" तो बरोबर म्हणाला आणि गेला. मास्तर त्या डब्यासमोर खुर्ची टाकून बराच वेळ बसले होते. आपल्या भिंतीवर दुसऱ्याचं स्टेशन उभं राहिल्यावर काय वाटेल, तसं.

दोन दिवसांनी ते पॅसेंजर पकडून वापीला गेले आणि कापडी पिशवीतून एक राऊटर घेऊन आले. माझा नवरा त्यांना सांगून दमला, की मास्तर, कंपनीच्या डब्यात वायफाय आहेच, दुसरा कशाला? मास्तर म्हणाले, "त्यांची हद्द या वायरीपर्यंत. वायरीच्या पुढे माझी." कंपनीच्या डब्यातून एक वायर काढून राऊटरमध्ये घालायची, कंपनीचं वायफाय बंद करायचं, आणि राऊटरवर आपलं जुनं नाव, आपला जुना पासवर्ड. पुन्हा वीज पडो, कंपनी बदलो, नाव हलणार नाही.

रविवारी दोघे बसले. नाव लागलं, पासवर्ड लागला, हिरवे दिवे लागले, पण नेट काही चालेना. नवऱ्याने वायरी काढल्या, घातल्या, बंद केलं, चालू केलं. शेवटी कंपनीचं वायफाय पुन्हा चालू करून वापीच्या दुकानदाराला फोन लावला. तो गुजरातीत म्हणाला, "काका, बन्नेनुं अ‍ॅड्रेस एकज छे." दोन्ही डब्यांचा पत्ता एकच पडला होता, त्यामुळे कुणाचं कुणाला कळत नव्हतं. नवऱ्याला याचा उलगडा व्हायच्या आत मास्तरांनी मांडीवर थाप मारली. लागोपाठच्या दोन स्टेशनांना एकच कोड दिला तर गाडी जायची कुठे? दुकानदाराने सांगितला तसा राऊटरच्या पत्त्यातला एक आकडा बदलला आणि नेट सुरू झालं. त्या दिवशी मास्तरांनी न मागता सगळ्यांना चहा दिला. मी त्या घरात राहिले त्या काळात असं एकदाच झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण मास्तरांनी राऊटर ठेवला ओट्यावर, अगदी रस्त्याच्या बाजूला. खारं वारं लागू नये म्हणून पूर्वीची दूध ठेवायची जाळीची पेटी काढली आणि त्यात तो बसवला, तोंड फाटकाकडे. आमच्या मागच्या खोल्यांत त्यामुळे नेट म्हणजे ठिबक सिंचन. मुलीचा अभ्यासाचा व्हिडिओ गोल फिरत राहायचा आणि ती फोन घेऊन न्हाणीघराच्या दगडावर जाऊन बसायची, कारण तिथे जरा बरं यायचं. एका रविवारी माझं डोकं सटकलं. मी ओट्यावर गेले आणि म्हटलं, मास्तर, राहणारी माणसं आत आहेत, रस्त्यावर कोण बसलंय तुमचं वायफाय वापरायला?

 ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "ताई, त्याच्या फोनमध्ये हे नाव आहे. तो कधी या बाजूने गेला, बसमधून गेला, नुसता समोर उभा राहिला, तर फोन आपोआप पकडेल. त्याला कळेल की घरात काही बदललेलं नाही."

"आणि तुम्ही स्वतः एक फोन केलात तर?"

"तसा नियम नाही."

मला संताप आला. वापीला जाऊन राऊटर आणायचा, त्याचे पत्ते बदलायचे, जाळीच्या पेटीत देवासारखा बसवायचा, रोज संध्याकाळी मला रेंज विचारायची, हे सगळं जमतं. मुलाला 'ये' म्हणायला जमत नाही. पण खोलीत येऊन मी मुलीला म्हटलं, तू न्हाणीघराच्या दगडावरच बस बाई.

मास्तरांची सारी धडपड ती रेंज फाटकाच्या बाहेर, बसस्टॉपपर्यंत नेण्याची. आत येणार नाही असा माणूस रस्त्यावरच असणार ना. पेटी वर टांगून पाहिली, विटेवर ठेवून पाहिली, राऊटरच्या काड्या इकडे तिकडे वळवून पाहिल्या. स्वतःचा फोन हातात धरून ओट्यावरून फाटकापर्यंत जायचे, कडी काढून बाहेर पडायचे, पुन्हा फाटक लावायचे आणि रस्ता ओलांडायचे. फाटकाबाहेर पाऊल पडलं की गेलं. माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "मास्तर, पत्रा अडवतोय. फाटक उघडं ठेवा, आरामात बसस्टॉपपर्यंत जाईल."

मास्तर म्हणाले, "फाटक उघडं ठेवायचं. बरोबर?"

"बरोबर."

ते फाटकापाशी गेले आणि कडी हलवून पाहिली. मग म्हणाले, नाही. फाटक येणाऱ्याने उघडायचं असतं. तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

एकदा त्यांनी मला घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, की इतक्या दिवसांत त्याने फोन बदलला असेल तर? नवरा शेजारीच होता. त्याने सांगितलं, हल्ली नवीन फोनमध्ये जुन्यातलं सगळं उतरवून घेता येतं, वायफायची नावंसुद्धा येतात. मास्तरांनी ते वाक्य परत म्हटलं आणि 'बरोबर' घेतलं. नंतर मी नवऱ्याला विचारलं, खरंच तसं आहे का? तो म्हणाला, बहुतेक.

मग ती थंडीतली संध्याकाळ. मी बसमधून उतरले तेव्हा बसस्टॉपवर सुरूच्या झाडाखाली एक तिशीतला माणूस उभा होता. फोनमध्ये डोकं घालून, मधेच आमच्या घराकडे बघत. मी फाटकातून आत आले. ओट्यावर मास्तर खुर्चीत ताठ बसलेले, गळ्याजवळचं बटण लावलेलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांनी मला काही विचारलं नाही. ओट्यावरून फाटकाच्या पत्र्यावरनं त्या माणसाचं डोकं तेवढं दिसत होतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "आपला नाही तो." मास्तरांना बहुतेक ऐकू गेलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. ते तसेच बसून राहिले. डहाणूची बस आली, ती निघाली तेव्हा झाडाखाली कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं, चिकूच्या व्यापाऱ्याचा माणूस होता, आमची झाडं बाहेरून बघून गेला.

"समजा तोच असता," काकू त्या रात्री जेवताना म्हणाल्या, "तर उठून फाटकापर्यंत गेला असतात का?"

हे काकूंनीच मला सांगितलं. मास्तरांनी पुढे पोळी मागितली नाही, आणि काकूंनी वाढलीही नाही.

त्यानंतर ते जरा खचले. चालताना भिंतीला हात लावायला लागले. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. काकूंनी मुलाला फोनवर कळवलं, आणि तो रडला, आणि म्हणाला, त्यांनी एकदा बोलावू दे आई. काकू मला म्हणाल्या, दोघांना एकाच साच्यातून काढलंय, त्यात माझं काहीच आलेलं नाही.

मास्तर गेले ते ओट्यावरच, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. रेडिओ चालू होता. मी त्या दिवशी रजेवर होते. मुलगी शाळेतून आली, तिने कडी लावली, चपला काढल्या आणि मला हाक मारली.

काकूंनी मुलाला फोन केला. या वेळी 'ये' म्हणाल्या नाहीत, एवढंच सांगितलं की बाबा गेले, आम्ही तुझ्यासाठी थांबतोय. त्याला सकाळची गाडी मिळाली. डहाणूहून थंड पेटी आणवली, मास्तरांना तिच्यात ठेवून ओट्यावरच घेतलं. आदल्या संध्याकाळपासून काकू एक शब्द बोलल्या नव्हत्या. पाण्याचा पेलासुद्धा हातानेच दूर सारत होत्या.

सकाळी थंड पेटीची वायर आतल्या बोर्डातून काढून जवळ लावायची ठरली, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या पायात येत होती म्हणून. ओट्यावर एकच बोर्ड, आणि त्यात राऊटरची पिन. शेजारच्या एका गृहस्थांनी ती काढली. जाळीतले हिरवे दिवे गेले.

"ती पिन लावा," काकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते गृहस्थ समजावू लागले, की वहिनी, वायफाय काय, नंतर लावू.

"आधी ती लावा. यांची वायर आतूनच राहू दे. लोक ओलांडून जातील."

नवऱ्याने पुढे होऊन पिन परत बसवली. दिवे एकेक करून लागेपर्यंत काकू त्या जाळीच्या पेटीकडे बघत होत्या. मला त्यांच्याजवळ बसवेना, म्हणून मी उठून चिकूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले.

तो उन्हं वर आल्यावर आला. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण एसटीतून उतरून त्याने रस्ता ओलांडण्याआधी डावीकडे आणि मग उजवीकडे बघितलं, तेव्हा ओळखलं. बसस्टॉपवरून रस्त्यात पाऊल टाकताच त्याचा खिसा वाजायला लागला. एक, मग दुसरा, मग एकावर एक मेसेज. त्याने गडबडीने फोन बाहेर काढला, आवाज बंद करायला असेल, आणि तिथेच थांबला. मागून येणाऱ्या टेम्पोने हॉर्न दिला तेव्हा कुठे तो बाजूला झाला. फोन हातात तसाच धरून तो आवारात आला आणि माझ्यासमोरून गेला. स्क्रीनवर नुकतंच जोडलेलं नाव अजून दिसत होतं, 'मास्तर घरी आहेत'.

तो ओट्याच्या पायरीपाशी उभा राहिला. वर चढेना. काकू उठल्या, पदर सावरला, त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"कुठे पकडलं?"

त्याला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. पण त्याने मागे वळून हात केला. "तिथं. बसस्टॉपवर."

"बसस्टॉपवर पकडलं. बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना. काकूंनी त्याला हाताला धरून वर घेतलं.

मी रस्त्याकडे बघितलं. लोकांची ये-जा चालू होती म्हणून फाटक सकाळपासून सताड उघडं होतं.